लॉरा व्हीआरएसचा टेन्शनर: आवाज यायच्या आधीच बदला

स्कोडाची लॉरा घेऊन कोणी गॅरेजला आलं की मी बोनेट उघडायच्या आधी एकच विचारतो: रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत कसा आवाज येतो? डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट होऊन मग थांबत असेल, तर ती गाडी मी मालकाला घरी नेऊ देत नाही. आवाज येत नसला तरी माझं काम संपत नाही. या इंजिनात आवाज ही सुरुवात नसते, बऱ्याचदा तो शेवट असतो.

मी छत्रपती संभाजीनगरचा. आयटीआयला टर्नर झालो, काही वर्षं टूलरूममध्ये काढली आणि आता चिकलठाण्याजवळ स्वतःचं छोटं गॅरेज आहे. लॉरा आमच्याच शहराबाहेर शेंद्र्याच्या कारखान्यात जुळायची, त्यामुळे इथे तिच्यावर लोकांचा जीव आहे. २०११ मध्ये आलेल्या व्हीआरएस या तिच्या स्पोर्टी आवृत्तीत १.८ टीएसआय इंजिन, १६० पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स होता. आजही हायवेला तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना ही गाडी जो ओढा देते तो मला फार आवडतो. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. चांगली चाललेली लॉरा एका छोट्या सुट्या भागापायी भंगारात जाऊ नये.

तो भाग म्हणजे टायमिंग चेनचा हायड्रॉलिक टेन्शनर. खालचा क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारे वरचे कॅमशाफ्ट यांना ही चेन एका तालात फिरवते. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर त्याचा पिस्टन बाहेर ढकलून धरतं आणि चेन ताणलेली राहते. इंजिन बंद झालं की प्रेशर जातं. मग पिस्टन मागे सरकू नये म्हणून आत दातेरी खटका असतो, आणि रात्रभर चेन ताणून धरायची सगळी भिस्त त्या खटक्यावर. फोक्सवॅगन ग्रुपच्या ईए ८८८ कुटुंबातल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या इंजिनांत २०१२ च्या आसपासपर्यंत जो टेन्शनर यायचा, त्याचा हा खटका कमजोर होता. तो तुटला की पिस्टन मागे जातो, चेन ढिली पडते आणि पुढच्या स्टार्टला स्प्रॉकेटवरून दोन-चार दाते घसरते. या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. वेळ चुकली की धडकतात. मग व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं आणि खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीला भिडतो. अमेरिकेत याच प्रश्नावर मालकांनी सामूहिक दावा केला होता आणि त्यात तडजोड झाली. इथल्या मालकाला मात्र स्वतःच जागं राहावं लागतं.

आता एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. चढावर तोंड करून गाडी उभी करायची तर पहिला गिअर, उतारावर तोंड असेल तर रिव्हर्स, हे आपल्याला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. मॅन्युअल लॉरात जुना टेन्शनर असेल तर नेमकं हेच करू नका. चढावर पहिल्या गिअरमध्ये उभी गाडी मागे सरकू पाहते, म्हणजे चाकं इंजिनला उलटं फिरवू बघतात. उतारावर रिव्हर्समध्येही तेच. इंजिन उलटं फिरलं की चेनची ताणलेली बाजू बदलते आणि सगळा जोर टेन्शनरच्या पिस्टनवर येतो. त्या वेळी ऑइलचं प्रेशर नसतं, असतो फक्त तो खटका. खुलताबादच्या घाटात चहाला थांबलात तर हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकाला उताराच्या बाजूने दगड लावा आणि गाडी न्यूट्रलला ठेवा. गाडी ढकलून सुरू करायची वेळ आली तर धक्का-स्टार्टचे प्रयोगही नकोत. जंपर केबल लावा.

आधी आत काय आहे ते बघू. पार्ट मागवायच्या आधी बघायचं, नंतर नाही. पुढचं उजवं चाक काढा, चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं लायनर सोडवा. क्रँक पुलीजवळ खालच्या टायमिंग कव्हरवर एक रबरी बूच असतं. ते हळूच उचकटून काढा आणि आत एंडोस्कोपचा कॅमेरा सोडा. मोबाइलला जोडायचा साधा कॅमेराही चालतो. नव्या रचनेच्या टेन्शनरमध्ये पिस्टनभोवती वळलेली तारेची क्लिप दिसते. ती दिसली तर बूच परत बसवा आणि निवांत झोपा. तशी तार नसेल, सपाट खटका दिसत असेल, तर तो जुना. पहिल्यांदा बघताना ओळखायला जड जातं, म्हणून मी नवा टेन्शनर हातात धरूनच बघायला सांगतो. दोन मिनिटांत फरक डोळ्यात भरतो.

दुसरी तपासणी लॅपटॉपवर. व्हीसीडीएससारखं स्कॅनर लावून इंजिनच्या मेजरिंग ब्लॉक ९३ मध्ये कॅमशाफ्टच्या फेजचा आकडा बघा. इंजिन गरम हवं, आयडलला चालू हवं. शून्याच्या आसपास असेल तर चेन तरुण आहे. आकडा शून्यापासून ४ अंशांपेक्षा लांब गेलेला असेल तर मी फक्त टेन्शनर बदलत नाही, पूर्ण चेन बदलतो. पण आकडा चांगला आला म्हणून जुना टेन्शनर ठेवू नका. हा आकडा चेनची लांबी सांगतो, खटक्याची तब्येत नाही. खटका शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत दिसतो.

सामानाचं आता. टेन्शनरचा सुधारित नंबर ०६के १०९ ४६७ के. पार्टच्या बॉक्सवरचा नंबर पुरेसा नाही, बॉक्स काउंटरवरच उघडून तारेची क्लिप डोळ्यांनी बघा. एकदा एका दुकानातून नव्या नंबरच्या बॉक्समध्ये जुन्या रचनेचा टेन्शनर माझ्या हातात आला होता. मी उघडलं नसतं तर दोन दिवसांची मेहनत करून तोच रोग परत बसवला असता.

टेन्शनरबरोबर मेन चेन, तिचे दोन्ही बाजूंचे गाईड आणि वरचा छोटा गाईड घ्या. बॅलन्स शाफ्टची (इंजिनची थरथर मारणाऱ्या दांड्यांची) चेन आणि तिचा टेन्शनरही घ्या, कारण तिथे पोहोचायला पुन्हा सगळं उघडावं लागतं. खालचं टायमिंग कव्हर बोल्टसह नवं घ्या. जुनं उचकटताना हमखास वाकतं आणि मग महिन्याभरात ऑइल गळायला लागतं. क्रँक पुलीचा बोल्ट नवा, क्रँकचं सील नवं, इंजिन माउंटचे बोल्ट नवे. हे बोल्ट एकदाच ताणले जायला बनवलेले असतात.

वरच्या बाजूला कॅमशाफ्टच्या तोंडावर जो बेअरिंग ब्रिज असतो तो नक्की बदला. त्याच्या ऑइलच्या वाटेत एक बारीक जाळी असते. ही जाळी सुटून तिचे तुकडे कॅमची वेळ मागेपुढे करणाऱ्या कॅम अ‍ॅडजस्टरच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात, हे मी उघडलेल्या बऱ्याच इंजिनांत पाहिलंय. जुना ब्रिज काढल्यावर जाळी जागेवर आहे का ते बघा. नसेल तर कंट्रोल व्हॉल्व्ह सोडा, साफ करा आणि तुकडा सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

हत्यारांच्या बाबतीत काटकसर नको. दोन पातळ्यांचे टॉर्क रेंच लागतील, एक ९ न्यूटन-मीटरसारखे हलके बोल्ट मोजणारा आणि एक १५० वर जाणारा. क्रँक पुली धरून ठेवायचं टूल, कंट्रोल व्हॉल्व्ह काढायचं टूल, कॅमशाफ्ट अडवायचा दोन तुकड्यांचा लॉक आणि इंजिन वरून टांगायची आडवी पट्टी. पट्टीच हवी, खालून जॅक नको. जॅक ऐन वेळी खालच्या कव्हरच्या आड येतो आणि एका गोष्टीशी दोन हात झगडतात.

आता कामाला लागू. बॅटरीची निगेटिव्ह काढा. ऑइल काढून घ्या. खालचं ट्रे, लायनर, ड्राइव्ह बेल्ट. इंजिन पट्टीला टांगून उजव्या बाजूचं माउंट सोडवा. वरचं टायमिंग कव्हर काढा. इथवर सवयीचं काम आहे.

यापुढे थांबा आणि हात धुऊन या. खरंच सांगतो, मी चहा पिऊनच पुढे जातो.

कॅम अ‍ॅडजस्टरचा कंट्रोल व्हॉल्व्ह इनटेक कॅमच्या तोंडावर बसलेला असतो आणि त्याचे आटे उलटे असतात. म्हणजे सोडवायला पाना घड्याळाच्या दिशेने. हाताला वर्षानुवर्षांची सवय उलटी असते, त्यामुळे मी त्याच्याभोवती कॅमच्या कव्हरवर खडूने बाण काढून ठेवतो. ज्याने जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरवलं, त्याच्या हातात व्हॉल्व्हचं डोकं येतं. बसवताना ३५ न्यूटन-मीटर, घड्याळाच्या उलट दिशेने.

मग ब्रिज काढा. क्रँकचा बोल्ट अजून जागेवर आहे, त्याच बोल्टवर पाना घालून इंजिन फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि पहिल्या सिलेंडरला टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असेल तिथे आणा. पुलीवरची खाच कव्हरवरच्या खुणेला लागली पाहिजे आणि दोन्ही कॅमच्या स्प्रॉकेटवरच्या खुणा वर पाहिजेत. थोडं पुढे गेलं तर मागे फिरवू नका, पूर्ण दोन फेरे पुढे मारून परत या. जुना टेन्शनर आत आहे आणि इंजिन उलटं फिरवलं तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

खुणा जुळल्या की पांढऱ्या पेंट-पेनने आपल्या स्वतःच्या खुणा करा. दोन्ही कॅम स्प्रॉकेटच्या एकेका दात्यावर ठिपका आणि त्याच्या समोर सिलेंडर हेडवर ठिपका. बोटाने पुसून बघा, जात नाही ना. याचं कारण पुढे सांगतो.

पुली धरून बोल्ट सोडवा आणि पुली काढा. आता नीट लक्ष द्या. क्रँकवरचं चेनचं स्प्रॉकेट याच बोल्टच्या दाबाने जागेवर असतं. पुली आणि स्प्रॉकेटची तोंडं दातेरी आहेत आणि ती एकमेकांत बसतात. बोल्ट निघाला की स्प्रॉकेटला धरणारं कोणी नाही. इथे मला माझं टर्नरपण उपयोगी पडलं. पुलीच्या जाडीएवढा एक स्टीलचा बुश मी लेथवर काढून घेतला, तो जुन्या बोल्टसह क्रँकवर लावतो आणि स्प्रॉकेट दाबून धरतो. बाजारात यासाठी तयार टूल मिळतं. काहीही वापरा, पण मोकळ्या स्प्रॉकेटवर क्रँक फिरवू नका.

खालच्या कव्हरचे बोल्ट काढून कव्हर हळूहळू सुटं करा. सील बसलेल्या पृष्ठभागावर पेचकसाचा ओरखडा नको. कव्हर निघालं की सगळं समोर दिसतं: मेन चेन, बॅलन्स शाफ्टची चेन आणि कडेला तो टेन्शनर.

कॅमला लॉक लावा. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला एका बाजूला ढकलत असतात. चेन सैल झाली की कॅम अचानक उडी मारतो, आणि बोटं आत असतील तर त्यांची खैर नाही. टेन्शनरचा पिस्टन दाबून पिन लावा. जुना निघाला की बाजूला ठेवा, मालकाला द्यायचा आहे. गाईड काढा, मग चेन काढा. जुन्या गाईडचं प्लास्टिक बोटाने चाचपून बघा. चेनने त्यात खोबण पाडलेली असते आणि कडा ठिसूळ झालेल्या असतात. ऑइल किती दिवसांनी बदललं जायचं याचा हिशोब तिथेच लिहिलेला असतो.

आधी बॅलन्स शाफ्टची चेन बसवा, रंगीत कड्या शाफ्टच्या आणि क्रँकच्या खुणांना लावून. मग मेन चेन. हिच्यातही रंगीत कड्या आहेत: दोन कॅमच्या खुणांना, एक क्रँकच्या खुणेला. ऑइलच्या हाताने कड्या पुसून घ्या, रंग फिका असतो आणि ट्यूबलाइटखाली फसवतो. गाईड लावा, पिना २० न्यूटन-मीटर. नवा टेन्शनर त्याच्या पिनसकट बसवा, बोल्ट ९ न्यूटन-मीटर. हात जड पडला तर आटे जातात.

सगळं परत एकदा बघा. मग पिन ओढा. टेन्शनरचा पिस्टन बाहेर येतो तेव्हा एक बारीक 'टक' ऐकू येतो आणि चेनची ढिली बाजू डोळ्यांसमोर सरळ होते. इतकी वर्षं झाली तरी हा क्षण मी पोरांना बोलावून दाखवतो.

आता बुश आणि बोल्टवरून हाताने दोन पूर्ण फेरे, घड्याळाच्या दिशेने. कुठेही अडलं तर जोर लावू नका, थांबा. दोन फेऱ्यांनंतर रंगीत कड्या खुणांना जुळणार नाहीत, ते बरोबरच आहे, कारण चेन पुढे सरकलेली असते. कड्या परत जुळायला बरेच फेरे लागतात. इथे तुमचे पांढरे ठिपके कामाला येतात. ते हेडवरच्या ठिपक्यांसमोर आलेच पाहिजेत. सुरुवातीच्या काळात एका गाडीत मी ठिपके न काढता फक्त रंगीत कड्यांवर विसंबलो होतो. इनटेक कॅम लॉकमध्ये एक दाता सरकला होता आणि मला ते ब्लॉक ९३ चा आकडा बघितल्यावर कळलं. कव्हर परत उघडावं लागलं, नवं सीलंट खरवडून काढावं लागलं. त्या दिवसापासून पेंट-पेन माझ्या खिशातच असतो.

खालचं कव्हर बसवताना दोन्ही पृष्ठभाग क्लीनरने कोरडे करा. सीलंटची साधारण ३ मिलिमीटरची अखंड वात फिरवा आणि पाच मिनिटांच्या आत कव्हर लावा. बोल्ट क्रमाने ८ न्यूटन-मीटर, मग ४५ अंश. जास्त सीलंट म्हणजे जास्त सुरक्षितता नव्हे. आत पिळून निघालेला गोळा सुटला तर थेट ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतो. पुली दातेरी तोंडावर नीट बसली की नवा बोल्ट १५० न्यूटन-मीटर आणि त्यावर ९० अंश. बेअरिंग ब्रिज ९ न्यूटन-मीटर. हे आकडे माझ्या हाताखालून जाणाऱ्या दुसऱ्या पिढीच्या १.८ चे आहेत. तुमच्या इंजिनचा कोड स्टिकरवर वाचून त्याच्या मॅन्युअलशी ताडून घ्या.

गाडी रात्रभर उभी ठेवा, सीलंट वाळू द्या. सकाळी नवा फिल्टर आणि फोक्सवॅगनच्या ५०२ ०० मान्यतेचं ५डब्ल्यू-४० ऑइल भरा. लगेच सुरू करू नका. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून पाच-पाच सेकंद स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. नवा टेन्शनर आतून रिकामा असतो, त्याला भरायला वेळ द्यायचा. मग फ्यूज लावून सुरू करा. दोन-तीन सेकंद किंचित आवाज येईल आणि जाईल. तो दुसऱ्या दिवशीही आला तर कव्हर उघडायचं, वाट बघायची नाही.

गरम झाल्यावर ब्लॉक ९३ चा आकडा कागदावर लिहून ठेवा. १००० किलोमीटरनंतर परत बघा आणि खालच्या कव्हरच्या कोपऱ्यांवर टिश्यू फिरवून गळती तपासा.

यानंतर ऑइल दर ७,५०० किलोमीटरला बदला, १५,००० ला नाही. टेन्शनर ऑइलवर जगतो. रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून जास्त ताकद काढली असेल तर मी ५,००० म्हणतो. रीमॅपने टेन्शनर तुटतो असं नाही, पण रीमॅप केलेली गाडी लोक तापवतात आणि तापलेलं ऑइल लवकर म्हातारं होतं.

गेल्या महिन्यात सिडकोतले एक काका त्यांची लाल व्हीआरएस न्यायला आले. गाडीला आवाज नव्हता, तक्रार नव्हती, मीच मागे लागून काम करायला लावलं होतं. मी जुना टेन्शनर त्यांच्या हातात ठेवला आणि अंगठ्याने पिस्टन दाबायला सांगितलं. खटक्याने पिस्टन अडवायला हवा होता. तो अंगठ्याबरोबर सरळ आत गेला.